हाकेचं अंतर

"आणि हे क्रियापद मुळात आलं कुठून?" सामंत मास्तरांनी विचारलं.

वासुदेव मुणगेकर हसला. सात वर्षं खपून त्याने इंग्रजी-मराठी कोश पुरा केला होता. पहिली प्रत आपल्या शाळामास्तरांच्या हातात द्यायला तो गावी आला होता. मास्तरांनी नेमकं 'प्रोलाँग'चं पान उघडलं होतं.

"लॅटिनमधून. 'प्रो' म्हणजे पुढे, 'लाँगस' म्हणजे लांब. म्हणून प्रोलाँग, लांबवणे."

"लांब म्हणजे? लांबलचक, की दूर?"

"लांबलचक, मास्तर. दूरचा इथे संबंध नाही."

मास्तरांनी कोश मिटला. काठी टेकत ते खाडीच्या धक्क्यावर गेले. वासुदेव मागोमाग.

पलीकडच्या काठावर इब्राहिमचाचा होडीला रंग देत बसले होते.

"हाक मार त्याला."

"इब्राहिमचाचा!"

चाचांनी मान वर केली नाही.

"लांबव."

"इब्राहिमचाचाऽऽऽ!"

म्हाताऱ्याने ब्रशसकट हात वर केला.

वासुदेव मात्र तसाच उभा राहिला...

शाळा तेव्हा पलीकडे होती. संध्याकाळी होडी सुटायच्या आधीच या धक्क्यावरून आईची हाक यायची. 'वासूऽऽऽ.' पाण्यावरून येता येता नाव आणखीच लांब व्हायचं. पोरं चिडवायची. तो दप्तरात तोंड लपवायचा.

"आई अशीच हाक मारायची," तो म्हणाला.

"वर्गात ऐकू यायची मला."

"शेवटी शेवटी फोनवर विचारायची, वासू, कधी येतोस? अगदी हळू. शेजारी बसून विचारावं तसं. मी म्हणायचो, एवढं 'एस' अक्षर होऊ दे, आई. मग म्हणालो, एवढं 'टी' होऊ दे..."

"मग?"

"'डब्ल्यू' चालू होतं, तेव्हा गेली."

भरतीचं पाणी धक्क्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं.

वासुदेवने विचारलं, "आता काय करू, मास्तर?"

"हाक मार तिला. किती लांबवायची, ते तुझं तुला कळेल."