मिटलेली मूठ

त्या दिवशी हवा कुंद होती. वारा अगदी पडलेला. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"येता ना मग, बाबा?" वामन गुरुजींनी कुंपणावरून पुन्हा विचारलं.

शाळा आणि फकीर लतीफबाबांची झोपडी, मध्ये काय ते बाभळीचं कुंपण. रोज संध्याकाळी गुरुजी बाबांच्या पायाशी जाऊन बसायचे. आज मात्र बाबांना शाळेत न्यायचं होतं, काहीतरी दाखवायचं होतं.

"जेवायला बोलावलं असतं तर कधीच आलो असतो," बाबा म्हणाले. पण उठले.

गुरुजींनी नवी रीत काढली होती. 'समजलं का?' म्हटलं की पोरं एका सुरात 'होऽऽ' म्हणतात. त्यात खरं किती, खोटं किती, देव जाणे. म्हणून धडा झाला की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि हात पुढं करायचा. समजलं असेल त्यानं मूठ उघडायची, नसेल त्यानं मिटलेली ठेवायची. कुणी कुणाला बघत नाही, मग लाज कसली?

"झकास," बाबा म्हणाले. "आणि सगळ्या उघडतात?"

"एक सोडून. सुगंधा. महिना झाला, तिची मूठ उघडत नाही. आज नाही उघडली तर खालच्या वर्गात बसवणार."

"तिला सांगितलंत?"

"सांगितलं. रडली... पण वर्ग तिच्यासाठी किती थांबवू?"

बाबा पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले. पोरं खुदखुदली.

गुरुजींनी शिकवलं. सूर्य जागचा हलत नाही. पृथ्वीच स्वतःभोवती फिरते, म्हणून दिवस आणि रात्र. एका पोराला मध्ये उभं केलं, दुसऱ्याला गिरकी घ्यायला लावली. छान शिकवलं, खोटं कशाला बोला.

"मिटा डोळे. हात पुढं."

भराभर तळवे उघडले. दोन मुठी तेवढ्या मिटलेल्या. एक सुगंधाची.

दुसरी बाबांची.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" गुरुजी ओशाळले. "काय समजलं नाही?"

"माझं राहू द्या. तिला विचारलंत कधी?"

महिनाभर गुरुजींनी मुठी मोजल्या होत्या, विचारलं मात्र नव्हतं.

"सुगंधा... काय समजलं नाही, बाळ?"

पोरीनं डोळे उघडले नाहीत. पुटपुटली,

"गुरुजी, सूर्य हलतच नाही म्हणता... मग रोज सकाळी उगवतं कोण?"



गुरुजींनी तोंड उघडलं. उत्तर येत होतं त्यांना, आत्ताच तर दिलं होतं. पण ते ओठांवर येईना. जन्मभर 'सूर्य उगवला' म्हणत आलेला माणूस. पायाखालची जमीन हळूच, सावकाश, उजेडाकडे निघाल्यासारखं वाटलं त्यांना. त्यांनी टेबलाची कड धरली.

पोरांनी डोळे उघडले होते. सुगंधाकडे बघत होती सगळी. आणि बघता बघता एक तळवा मिटला... मग शेजारचा... मग पलीकडचा.

गुरुजींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. खडू धरलेली मूठ घट्ट मिटली होती.

"बाबा," ते म्हणाले, "आता हिला कुठं बसवू?"

लतीफबाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. कफनी झटकली.

"कुठंही बसवा, गुरुजी. शाळा आज भरली."