साळिंदरीच्या लेकीचा अर्ज

विषय : साळिंदरीच्या मुलीस शाळेत प्रवेश देण्याबाबत.

फार पूर्वी सिंहाने जंगलातली शाळा सर्व प्राण्यांना खुली केली आणि त्याबद्दल स्वतःचा सत्कारही करवून घेतला. दुसऱ्याच दिवशी साळिंदरी लेकीला घेऊन दाराशी आली.

"अर्ज मुलीने स्वहस्ते लिहायचा," मुख्याध्यापक बगळा म्हणाला.

"अहो गुरुजी, लिहिता येत असतं तर हिला इथं कशाला आणलं असतं?"

"ही तक्रारही लेखी द्या."

"मग तुमच्या पिल्लांनी कसे लिहिले अर्ज?"

"ती घरूनच शिकून येतात, बाई."

मुलीने संतापून अंगावरचा काटा उपसला आणि शाळेच्या दारावर ओरखडे काढले. बगळ्याने तोच अर्ज समजून खाली शेरा मारला : 'अक्षर सुधारून आणावे.'

ती मुलगी आता आजी झाली आहे. शाळा सर्वांना खुली आहे. अर्ज प्रलंबित आहे.