बारा नावांची मूठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची असं विचाराल, तर मला सांगता यायचं नाही. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही येत नव्हतं. एवढं खरं की डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, गावाच्या कडेला एक लांबरुंद शेत होतं आणि त्या शेतात राबणारी एक आजी होती.

घरात तिचे दोन मुलगे होते, दोन सुना होत्या, चार नातवंडं होती आणि लखू नावाचा जुना गडी होता. एरवी सगळे आपापलं काम करायचे. पण ज्वारीची पेरणी आली की मूठ आजीच्याच हातात. थोरला मुलगा पुढं बैल हाकायचा, बैलांमागं तिफण चालायची आणि तिफणीमागं आजी. तिफण म्हणजे तीन नळ्यांचं पेरायचं औत. नळ्यांच्या वर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. आजी ओटीतलं बी मुठीत घ्यायची आणि चालता चालता बोटांच्या फटीतून चाड्यात सोडायची.

हे काम दिसतं सोपं. करून बघा म्हणजे कळेल! मूठ जरा सैल झाली की दाटी होते, जरा आवळली की तुटक उगवतं. आजीच्या शेतात मात्र दाटीही नसायची आणि तुटकही नसायचं.

आणि पेरताना आजीचे ओठ हलायचे. शब्द ऐकू यायचा नाही, पण ओठ या बांधापासून त्या बांधापर्यंत हलत राहायचे. झालं! गावाला तेवढं पुरलं. कुणी म्हणालं, मंत्र आहे. कुणी म्हणालं, बैलांशी बोलते. नातवंडांचं म्हणणं असं की आजी दाण्यांना घाबरू नका म्हणून सांगते, कारण मातीत फार अंधार असतो. पाटलीणबाई तर एकदा खण-नारळ घेऊन आल्या.

"आजी, तेवढा मंत्र मला सांगा. मी कुणापाशी बोलायची नाही."

"बाई, मंत्र येत असता तर आधी पाऊस नसता का पाडला?" आजी म्हणाली. नारळ तिनं परत केला.

सगळ्यांत जास्त कुतूहल होतं ते घरातल्या थोरल्या सुनेला. चौदा वर्षं ती सासूचे ओठ बघत होती. पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जायची, पायात काटा मोडला म्हणून मागं रेंगाळायची. एक अक्षर कानी पडलं नाही.

आता थोरलीबद्दल एक सांगायला हवं. कामाला ती वाघीण होती आणि मनानं वाईट नव्हती, पण राग धरला की सोडायची नाही. त्या वर्षी गाय व्यायली तेव्हा पहिल्या दुधाचा चीक धाकटीनं न विचारता माहेरी पाठवून दिला. थोरलीची पोरं खरवसाची वाट बघत बसली होती. भांडण पेटलं. धाकट्या दिरानं बायकोची बाजू घेतली आणि थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपासून या तिघांचं नाव माझ्या तोंडी यायचं नाही." तिसरी कोण, तर दोन वर्षांची राही. तिनं चीक चाखलाही नव्हता.

चार महिने झाले. घर एक, चूल एक, धान्याची कणगी एक, पण थोरलीनं ती तीन नावं घेतली नाहीत. धाकटीला हाक मारायची वेळ आली की ती भांडं आपटायची.

तर पेरणीच्या तोंडावर आजी बांधावरून घसरली. उजवं मनगट सुजून कोहळ्याएवढं झालं. इकडं जमीन अगदी वेळेवर आली होती, चिखलही नाही आणि धूळही नाही. अशी ओल चार दिवस टिकते. चार दिवसांत पेरलं तर वर्षाची भाकरी, नाही तर घरातल्या दहा तोंडांनी काय खायचं?

आजीनं थोरलीला जवळ बोलावलं.

"मूठ आता तू धरायची. बस इथं. ओठ कशापायी हलतात ते तुला सांगते."

थोरली लगबगीनं बसली.

"नावं घेते मी. घरातल्या माणसांची."

"नुस्ती नावं?" थोरलीचा चेहरा पडला. चौदा वर्षांचं कुतूहल, आणि निघालं काय, तर घरचीच माणसं!

"नुस्ती नावं. या बांधापासून त्या बांधापर्यंत एकशेवीस पावलं भरतात. नावं बारा. एकेका नावाला दहा पावलं. पावलाला एकदा नाव घ्यायचं, नावासरशी चिमूट सोडायची. परतताना नावं उलटी घ्यायची, म्हणजे ज्याचा पट्टा त्यालाच पडतो. घरात मूल जन्मलं की बाकीच्यांची पावलं थोडी थोडी कमी करायची आणि त्याला जागा द्यायची."

"पण घरात तर आपण दहाच जणं, आत्याबाई."

"अकरावे तुझे मामंजी. ते गेले, पण त्यांचं नाव मी काढलं नाही. ते दाणे पाखरांचे. बारावा आलागेला. कोण येईल ते आधी थोडंच कळतं?"

"मग मोठ्यानं का नाही म्हणत?"

आजी चक्क लाजली. "अगं, नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतात का कुठं? दहा-दहा वेळा मोठ्यानं घेतलं तर गाव काय म्हणेल!"

थोरलीला हसू आलं. मग तिनं विचारलं, "सुरुवात कुणापासून?"

"माझ्यापासून. अलीकडच्या बांधाला मुरूम आहे, तिथं फारसं येत नाही. म्हातारीला भाकरी कमी लागते." आजीनं तिचा हात धरला. "एक ध्यानात ठेव. एकही नाव गाळू नको. हाताला डोळे नसतात, पोरी. तो तोंडाच्या मागं चालतो."

दुसऱ्या दिवशी थोरलीनं ओटी भरली. नवरा पुढं, तिफण मधे, ती मागं. सासूचं नाव झालं, सासऱ्यांचं झालं. नवऱ्याचं नाव घेताना कानाच्या पाळ्या तापल्या. स्वतःचं झालं, तिन्ही पोरांची झाली. मग दिराचं नाव आलं, आणि थोरलीनं ओठ घट्ट मिटले. सुभानाची दहा पावलं ती मुकी चालली. धाकटीची, म्हणजे चिमाची, दहा, राहीची दहा. हात बी सोडतोच आहे अशी तिची खात्री होती. आपण फक्त नाव गाळतोय, दाणे थोडेच गाळतोय! ती तीस पावलं संपल्यावर लखू गड्याचं नाव घेऊन तिचं तोंड पुन्हा सुरू झालं.

पेरणी झाली तेव्हा ओटीत आणि पोत्यात मिळून पाव हिस्सा बी उरलं. थोरली खूश झाली. आपला हात सासूपेक्षाही बेताचा, असं तिला वाटलं. बी तिनं गाडग्यात भरून ठेवलं आणि ही बढाई पाणवठ्यावर दोघीतिघींना सांगितलीसुद्धा. आजीला मात्र सांगितली नाही. तिला वाईट वाटेल, म्हणे.

सहाव्या दिवशी पोरं टेकडीवर करवंदीच्या जाळ्यांत खेळायला गेली आणि ओरडत खाली आली.

"आजी, आजी, आपल्या शेतानं भांग पाडलाय!"

सगळं गाव टेकडीवर चढलं. खरंच होतं. हिरव्यागार शेतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्या मातीचा एक रुंद पट्टा उघडा पडला होता. कडा अशा सरळ की दोरी लावून आखल्यासारख्या.

मग तर्क सुरू झाले. मुंग्यांनी बी नेलं म्हणावं, तर मुंग्या एवढ्या सरळ रेषेत कधीपासून खायला लागल्या? पाखरांनी नेलं म्हणावं, तर त्यांना इतकं मोजूनमापून कुणी वाढलं? पाटलीणबाई म्हणाल्या, मंत्र उलटला. थोरली गर्दीत उभी होती. तिला काहीच कळत नव्हतं.

आजी खाली उतरली, मागोमाग सगळे उतरले. हात गळ्यात बांधलेला, तशीच ती अलीकडच्या बांधावर जाऊन उभी राहिली आणि पावलं टाकू लागली. आज ती मोठ्यानं म्हणत होती.

"भिवरा, भिवरा, भिवरा..." हे तिचं स्वतःचं नाव. कित्येकांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. दहा पावलांनी ती म्हणाली, "तुळाजी." बायकांनी पदर तोंडाला लावले. आजीनं नवऱ्याचं नाव दहाही वेळा घेतलं, न लाजता. पुढं थोरला, थोरली, त्यांची तीन मुलं. पायाशी कोवळी ज्वारी डुलत होती.

मग ती म्हणाली, "सुभाना." आणि तिचं पाऊल उघड्या मातीवर पडलं.

"चिमा." माती.

"राही." माती.

"लखू," ती म्हणाली, आणि पुन्हा हिरवं सुरू झालं.

सगळ्यांना कळलं होतं. न कळणारी एकटी राही; ती आईच्या कडेवरून उतरून त्या मातीत जाऊन बसली आणि इकडंतिकडं बघू लागली.

"आजी, माझी ज्वाली कुठंय?"

थोरली पुढं झाली. "आत्याबाई, मी मुद्दाम नाही केलं. मला नावं गाळायची होती, बी नव्हतं गाळायचं."

"ठाऊक आहे मला," आजी म्हणाली. "पण कणगी एकच आहे, पोरी. पाव शेत गेलं ते काय या तिघांचंच गेलं?" मग तिनं वाकून डाव्या हातानं माती उकरली. "खाली अजून थोडी ओल आहे. बी उरलं असेल ना?"

"उरलंय," थोरली म्हणाली. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

रिकाम्या जागी हातानं बी लावायचं याला नांग्या भरणं म्हणतात. चार-दोन ठिकाणी भरायच्या असतात त्या. थोरलीपुढं पाव शेत होतं. खुरप्यानं भोक पाडायचं, दाणे टाकायचे, माती लोटायची. ती वाकली आणि पहिल्या भोकाला म्हणाली, "सुभाना." चार महिन्यांत पहिल्यांदा.

बाकीचेही राबू लागले. धाकटी कुणी न सांगता घागर घेऊन आली आणि थोरलीच्या मागून प्रत्येक भोकाला ओंजळभर पाणी घालू लागली. पहिला दिवस दोघी मुक्यानं वाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी म्हणाली, "अक्का, चीक आईसाठी पाठवला होता. तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला नसता. तरी विचारलं नाही. चुकलं माझं."

थोरलीचं खुरपं थांबलं. "आता कशी आहे तुझी आई?"

"उठून बसते."

"चार महिन्यांत एकदा विचारलं नाही गं मी," थोरली म्हणाली, आणि भर उन्हात दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग डोळे पुसून पुन्हा वाकल्या, कारण ओल थांबत नव्हती.

पट्टा उगवला. पण उशिराचं ते उशिराचंच. तिथली ज्वारीची ताटं कमरेएवढीच वाढली, कणसं मुठीत मावतील एवढी आली. त्या वर्षी कणगीचा तळ महिनाभर आधी दिसला. शेवटचा महिना सगळ्यांनीच अर्धपोटी काढला, थोरलीच्या पोरांनीसुद्धा. थोरली स्वतःची भाकरी मोडून आधी राहीच्या ताटात ठेवायची.

पुढच्या वर्षी आजीचं मनगट बरं झालेलं होतं, पण मूठ तिनं परत घेतली नाही. ती बांधावर बसून ऐकत राहिली. थोरली मोठ्यानं नावं घेत होती, सगळ्या गावाला ऐकू जातील अशी. मुरमाड बांधापाशी तिनं स्वतःचं नाव घेतलं, "सगुणा." मग सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं. आजी कान देऊन होती. तिचं स्वतःचं नाव काही येईना.

"अगं, मला गाळलंस की काय?" तिनं काळजीनं हाक मारली.

"थांबा जरा, आत्याबाई," थोरली चालता चालता म्हणाली.

शेताच्या मधोमध, जिथली माती सगळ्यांत काळी आणि खोल होती, तिथं तिफण पोचली. तिथं थोरलीनं नाव घेतलं, "भिवरा." आणि तिची दहा पावलं झाली की लगेच, मोजून दहा पावलं, "राही."

आजीनं पदरानं डोळे टिपले आणि तुळाजीच्या पट्ट्यावर उतरलेल्या पाखरांना हाकलायला घेतलेला खडा हळूच खाली टाकला.

बोध एवढाच: रागाच्या भरात आपण ज्याचं नाव गाळतो, त्याच्या वाट्याची रिकामी जागा शेवटी आपल्याच ताटात दिसते.