हवेतला क्रूस

ही गोष्ट खूप मागची आहे. इतकी मागची, की त्या गावच्या विहिरीचे दगड तेव्हा नवे होते आणि चर्चची घंटा अजून चिंचेच्या फांदीला टांगलेली असायची. लहान असा की मोठे, घटकाभर बसा आणि ऐका.

समुद्राकाठच्या त्या गावात दोन भाऊ दोर वळायचे. काथ्या भिजवायचा, कुटायचा, त्याचे पेड करायचे आणि तीन पेड मिळून एक दोर पिळायचा. आईबाप लवकर गेले होते. थोरल्यानं धाकट्याला वाढवलं, पुढं थोरल्याचं लग्न झालं, आणि मग वहिनीनंही त्याला वाढवलं.

धाकट्याला आवाज होता. चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला, मिस्साला, तो पुढे उभा राहून गायला लागला की बायका पदरानं डोळे पुसायच्या. थोरल्याला सूर कसला तो नव्हताच. तो शेवटच्या बाकावर बसायचा, काथ्यानं सोललेले हात मांडीवर ठेवून.

दोर लांब हवा असला की दोन तुकड्यांचे पेड एकमेकांत विणून सांधा घालावा लागतो. थोरला प्रत्येक सांध्यावर अंगठ्यानं क्रूस काढायचा. अंगठा दाबून आधी वरून खाली, मग आडवा. अगदी सावकाश. ओठांतल्या ओठांत म्हणायचा, “प्रभू, हा तुझ्या हाती.”

धाकट्याला हसू यायचं.

“दादा, दोराला कसला आशीर्वाद देतोस? दोर काय स्वर्गात जाणार आहे?”

“दोर नाही जायचा,” थोरला म्हणायचा. “पण त्याला धरून कुणीतरी खाली जाईल.”

“मग चर्चमध्ये कर की प्रार्थना. तिथं तर पेंगतोस.”

“पेंगतो खरा,” थोरला कबूल करायचा. “पण तिथं तू असतोस ना गायला.”

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. दर वर्षी ईस्टरच्या आधी विहिरीतला गाळ काढत, आणि त्यासाठी नवा दोर वळत. ज्याच्या हातचा दोर, त्यानंच त्याला धरून पहिलं खाली उतरायचं. दर वर्षी थोरलाच उतरायचा.

त्या वर्षी नारळ सोलताना थोरल्याच्या तळहातावर कोयता बसला. जखम भरायला दिवस लागणार होते, म्हणून दोर धाकट्याकडे आला. धाकट्यानं दोर वळला, पण त्याचं मन सणाच्या गाण्यात होतं. चर्चमधून सराव ऐकू येत होता. शेवटचे सांधे त्यानं भराभर घातले, उठून उभा राहिला, आणि सगळ्या दोरावरून हवेतच एक मोठा क्रूस काढून निघाला.

वाटेत थोरल्यानं विचारलं, “सांधे बघितलेस?”

“सगळ्यांवर क्रूस काढलाय, दादा.”

थोरल्याचं समाधान झालं. त्याच्या लेखी क्रूस काढणं आणि सांधा बघणं ही दोन कामं नव्हतीच.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटा विहिरीवर आला तो पांढरा सदरा घालूनच. थोरल्यानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“नवरदेवा, या सदऱ्यात गाळ काढणार होय?”

“उतरतो ना. रीतच आहे.”

“खालच्या गारठ्यानं घसा बसेल तुझा. उद्या गावाला काय ऐकवशील, बेडकासारखं? जा, गा. हात बरा झालाय माझा, मी उतरतो.”

धाकटा खुशीत पळाला. मागं वळून बघायचंही त्याला सुचलं नाही.

चर्च विहिरीला लागूनच होतं. गाता गाता त्याला रहाटाची कुरकुर ऐकू येत होती. गाळाच्या पाट्या वर येत होत्या, रिकाम्या खाली जात होत्या. दुपारी दादा जेवायला वर यायला निघाला. रहाट कुरकुरला, कुरकुरला, आणि एकदम थांबला. बाहेर कुणीतरी ओरडलं.

धाकट्यानं सुरू असलेली ओळ पूर्ण केली. मग थांबला. ती ओळ त्याला पुढं जन्मभर गाता आली नाही.

थोरल्याला वर काढलं तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता.

लोक म्हणाले, दगडाला घासून दोर तुटला असेल. म्हणाले, देवाची इच्छा. धाकट्यानं तुटलेलं टोक हातात घेतलं. दोर घासला नव्हता. सांधा निसटला होता. शेजारच्या सांध्यावर त्यानं अंगठा ठेवला, दादासारखा दाबून वरून खाली, मग आडवा. अंगठ्याला आत पोकळी लागली. एक पेड नुसताच आत खुपसलेला होता, विणलेला नव्हता. एवढं दाबलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, “भाऊजी, सांधे बघितले होते ना तुम्ही?”

हो म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

“नाही, वहिनी,” तो म्हणाला. “मी क्रूस हवेत काढला. तेव्हा दोराला माझा हातच लागला नाही. आणि आज माझी पाळी होती, त्याची नव्हती.”

तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

म्हातारे पाद्रीबाबा दारात उभे होते. ते म्हणाले, “बाळा, चूक माझीही आहे. मी तुला पुढं उभं करत गेलो आणि त्याला शेवटच्या बाकावर पेंगू दिलं. त्याची प्रार्थना सहा दिवस चालायची, म्हणून तो सातव्या दिवशी दमलेला असायचा. हे मी कधी गावाला सांगितलं नाही.”

त्या ईस्टरला गावात गाणं झालं नाही.

पण पाणी तर लागतंच, आणि गाळ अर्धाच निघाला होता. धाकट्यानं नवा दोर वळला. चार दिवस लागले. वळून झाल्यावर तो दोर घेऊन वहिनीपुढे बसला. तिनं दोर मांडीवर ओढला आणि एकेक सांधा अंगठ्यानं दाबून पाहिला, वरून खाली, मग आडवा. एका सांध्यापाशी ती थांबली. तिनं पुन्हा दाबलं, आणि पुढं सरकली. शेवटी दोराचं टोक त्याच्या हातात दिलं.

“जा,” ती म्हणाली.

तो उतरला. खाली अर्धा तळ गाळानं भरलेला होता. उरलेला अर्धा खरवडून दगडापर्यंत साफ केलेला होता, अगदी कोपऱ्यांतल्या फटींसकट. वरून कुणाला दिसल्या नसत्या अशा फटी. धाकटा तिथंच, गुडघाभर थंड पाण्यात, ओक्साबोक्शी रडला. प्रार्थना म्हणावी असं त्याच्या मनात आलं, पण शब्द आले नाहीत. मग त्यानं पाटी उचलली आणि दादानं जिथं सोडलं होतं तिथून गाळ काढायला लागला.

पुढं तो म्हातारा होईपर्यंत दोर वळत राहिला. त्याचा एकही सांधा सुटला नाही. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा, आणि शेजारची जागा रिकामी ठेवायचा.

बोध इतकाच: आपल्या कामावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, म्हणून ते मन लावून करणं हीच देवापुढची खरी प्रार्थना; जिला हात लागत नाही, ती प्रार्थना हवेतच राहते.