पायगुणाची पारख

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. डोंगराच्या पायथ्याशी रंगाऱ्यांचे एक गाव होते. तेथल्या एका घरी राजवाड्याची निळी वस्त्रे रंगत. अंगणात मोठमोठे रांजण मांडलेले असत आणि त्यांत नीळ आंबत असे. ती नीट आंबली तर रांजण 'जिवंत' म्हणत. बिघडली तर रांजण 'मेला' म्हणत.

ऐन थंडीत त्या घरी नवी सून आली. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच अंगणातले सगळे रांजण मेले. कापड बुडवावे आणि ते मळकट होऊन बाहेर यावे, रंगाचा ठिपका नाही.

"पोर पांढऱ्या पायाची आहे," गाव कुजबुजू लागले. पंच अंगणात जमले. सुनेला कायमचे माहेरी धाडावे, असे त्यांचे मत पडले.

सून दाराआडून ऐकत होती. परत आलेल्या मुलीकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे तिला ठाऊक होते. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाच पंचांचे म्हणणे पटू लागले होते. ती आली आणि रांजण मेले, हे खोटे थोडेच होते?

तेवढ्यात सासू पुढे झाली. तिची जीभ धारदार; तिच्याकडून सुनेला कसलीच आशा नव्हती.

"भाऊजी," ती मुख्य पंचांना म्हणाली, "ही आल्यावर रांजण मेले, हे मान्य. हिच्यामुळे मेले, हे कशावरून?"

"वहिनी, त्या दिवसांत दुसरे घडलेच काय?"

"हेच आधी विचारायला हवे होते. रांजणांना ऊब राहावी म्हणून त्यांच्याभोवती शेणखत रचलेले असते. लग्नासाठी ते कोणी उपसायला लावले? तुम्हीच म्हणालात ना, वऱ्हाडाला वास नको?"

मुख्य पंचांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे रांजण थंडीने मेले म्हणता?"

"तसेही म्हणत नाही. पाणी बिघडले असेल, नीळ जुनी असेल. इतकी कारणे समोर असताना तुम्ही एका पोरीलाच कसे धरलेत, एवढेच विचारते. हिच्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही, हे मी चारचौघांत सांगेन. पण जे सिद्ध झाले नाही, ते हिच्या माथी मारू देणार नाही."

कोणीतरी फिस्सकन हसले. दाराआड सुनेलाही रडता रडता हसू फुटले.

सासूच्या सांगण्यावरून दोन रांजण नव्याने भरले. नीळ तीच, पाणी तेच. एक शेणखताविना तसाच उघडा ठेवला. त्याच्या वाऱ्यालाही सुनेने उभे राहायचे नाही. दुसऱ्याभोवती शेणखत रचले. तो रोज सुनेनेच ढवळायचा. पायगुण खरा असेल, तर मरायला हवा तो हाच.

सून नेमाने ढवळत राहिली. एका सकाळी तिच्या रांजणावर निळसर फेस धरला. पंचांदेखत तिने कापड बुडवून वर काढले. ते हिरवट दिसत होते. वारा लागला आणि पाहता पाहता त्यावर गर्द निळाई पसरली. उघडा रांजण मात्र गार, निर्जीव पडून होता.

"ठरले तर! थंडीच चोर," एक पंच उद्गारले.

"घाई नको," सासू म्हणाली. "अजून चार रांजण भरून पाहू. पोर सुटली, एवढे मात्र आजच ठरले."

मुख्य पंचांनी पगडी काढली आणि ते दाराशी आले. "सूनबाई, चुकलो आम्ही," ते म्हणाले. ज्या सासूला ती इतके दिवस भीत होती, तिच्याकडे सुनेने डोळे भरून पाहिले. पुढे त्या गावात कोणावरही ठपका ठेवण्याआधी पंच एकमेकांना विचारू लागले, "त्याच वेळी आणखी काय बदलले होते?"

म्हणून ध्यानी ठेवावे: एकामागून दुसरे घडले, एवढ्यावरून पहिल्याला कारण मानू नये; दुसरी कारणे तपासल्यावाचून दिलेला निवाडा म्हणजे निव्वळ संशय.