केरबा मामा आणि भाचीचा हात

एका गावात एक भोळा गुऱ्हाळवाला होता. नाव केरबा. सांगितलेली गोष्ट त्याच्या डोक्याला गुळासारखी चिकटायची आणि मग सुटायची नाही.

त्याची भाची सायली शिकायला स्पेनला गेली आणि तिथल्या सेव्हिया शहरात पाब्लो नावाच्या मुलाशी लग्न ठरवून बसली. लग्न आपल्या पद्धतीनं होणार होतं. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, आणि मामा तर हा एकच. म्हणून सायलीची आई, म्हणजे केरबाची आक्का, त्याला सोबत घेऊन विमानात बसली.

"केरबा, पोरीचं लगीन तुझ्या हातात हाय," आक्का म्हणाली. "सायली सांगंल तसं वाग. सोताचं डोकं चालवू नको."

ते केरबानं कधी चालवलंच नव्हतं.

पोचला त्या दुपारीच तो गल्लीत गूळ वाटायला निघाला. घराघराच्या बेल वाजवल्या. माणसं डोळे चोळत, चड्डीवर दारात आली. सायली धावत सुटली.

"मामा, इथं दुपारी सगळे झोपतात. दुकानंसुद्धा बंद असतात. दुपारी कुणाला उठवायचं नाही!"

"बरं," केरबा म्हणाला.

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडं दिसली. केरबानं एक तोडून तोंडात टाकलं. त्याचं तोंड जे वाकडं झालं ते कोपऱ्यापर्यंत सरळ होईना.

"मामा, ती कडू असतात. शोभेची आहेत. नुसती बघायची, खायची नाहीत."

"बरं."

मग पाब्लोनं त्यांना खायला नेलं. मोठ्या हौसेनं ऑलिव्हची बशी मामापुढे ठेवली. केरबानं ती बघितली. पाब्लोनं बशी जवळ सरकवली. केरबानं जवळून बघितली. "शोभा छान हाय," म्हणाला. मामांना जावई पसंत नाही असं वाटून पाब्लोचा चेहरा उतरला.

"मामा, कुणी काही दिलं तर घ्यायचं," सायली कुजबुजली. "नाही म्हटलं की माणसं दुखावतात."

"बरं."

दुसऱ्या दिवशी केरबा लग्नासाठी आणलेला नवा कोल्हापुरी फेटा बांधून ऐटीत फिरायला निघाला. मोठ्या चर्चपाशी एका बाईनं त्याच्या हातात हिरव्या पानांची काडी ठेवली. केरबानं घेतली. बाईनं त्याचा हात बघून भविष्य सांगितलं आणि मग स्वतःचा हात पुढे केला. रिकाम्या हाती कशी पाठवायची? केरबानं डोक्यावरचा फेटाच उतरवून दिला.

सायलीनं कपाळावर हात मारला. "मामा, अनोळखी बाई हातात काही द्यायला लागली, तर हात खिशात घालायचे, 'नो, ग्रासियास', म्हणजे 'नको, धन्यवाद' म्हणायचं आणि मागं न बघता चालू लागायचं."

"बरं. आता चुकायचा न्हाई."

लग्नाच्या सकाळी केरबा बोडक्यानंच उभा राहिला. अंतरपाट धरला गेला. गुरुजी ओरडले, "मामा, मुलीला आणा! मुहूर्त टळतोय!"

केरबा खोलीच्या दाराशी गेला. पाब्लोची आई त्यानं तोवर पाहिली नव्हती. तिनंच सायलीला सजवलं होतं. तिनं डोळे पुसले, सुनेचा हात धरला आणि प्रेमानं केरबाच्या हातात द्यायला लागली.

केरबानं दोन्ही हात खिशात घातले. "नो, ग्रासियास," म्हणाला आणि मागं न बघता चालू लागला.

पाब्लोची आई मटकन खाली बसली. सायली रडायला लागली. आक्का पदर खोचून धावली आणि भावाला रस्त्यातून कॉलर धरून परत आणलं.

"मुडद्या! धर पोरीचा हात! आन मी सोड म्हणेस्तवर सोडायचा न्हाई!"

"बरं."

मुहूर्त कसाबसा साधला. सगळ्यांना हायसं वाटलं. सायलीनं एका हातानं हार घातला. सप्तपदी तिघांनी केली. पंगतीत नवरी डाव्या हातानं जेवली. आक्का एवढी दमली होती, की जेवली आणि सरळ घरी जाऊन आडवी झाली.

नवरा-नवरी जुना राजवाडा बघायला निघाले. तिथं गर्दी फार, म्हणून पाब्लोनं तिकिटं आधीच काढून सायलीजवळ दिली होती. दोनच. दारावरच्या माणसानं दोन तिकिटं बघितली आणि पुढची दोन माणसं आत सोडली.

"मामा, सोड की आता! पाब्लो बाहेर राहिला!"

"आक्का म्हणू दे."

"मग आईला फोन लाव!"

केरबानं भाचीकडे रागानं बघितलं. "दुपारचं? आक्का झोपलीया. दुपारी कुणाला उठवायचं न्हाई, तूच सांगितलंस."

बाहेर झाडाखाली नवरदेव तहानलेला बसला होता. वरची संत्री नुसती बघत होता.