सभेचं पहिलं एकमत

“उद्या सूर्य मावळायच्या आत या सभेचं एका तरी गोष्टीवर एकमत करून दाखवा. माझी स्तुती सोडून! नाही जमलं, तर पगडी इथं ठेवून घरी जा!”

राजाने फर्मावलं आणि नवे सभासद भुजंगराव यांच्या तोंडचं पाणी पळालं.

चूक त्यांचीच. बरीच वर्षं सुभेदारी केलेली. तिथं ते शिंकले तरी लोक ‘वा!’ म्हणत. त्यांनी बांधलेला पूल नदीपासून जरा लांबच पडला, तरी कुणी ब्र काढला नाही. राजाने बढती देऊन सभेत बसवलं, तर पहिल्याच दिवशी म्हणाले, “सुभ्यावर माझा शब्द खाली पडत नसे. इथं काय अवघड?”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला. “सूर्य पूर्वेला उगवतो, एवढं तरी मान्य करा!” ते काकुळतीला आले. तर सगळ्यात म्हातारे सभासद काठी टेकत उठले. “थंडीत तो दक्षिणेकडे सरकतो. माझा विरोध!”

भुजंगराव पालखीतून जेवायला निघाले, तर चारही भोई कुठल्या वाटेनं जायचं यावरून हमरीतुमरीवर आलेले.

“अरे, तुमचं तरी कशावर एकमत होतं का?”

“व्हतं की, सरकार!” पुढचा भोई बहिरू म्हणाला. “आत बसलंय ते लई जड हाय!”

“हाय!” बाकीचे तिघे एका सुरात ओरडले.

भुजंगरावांना आधी राग आला, मग हसू आलं. बहिरूने त्यांच्या कानात युक्ती सांगितली, तेव्हा हसूही पळालं. पण पगडी वाचवायची होती.

संध्याकाळी ते सभेत उभे राहिले. “माझा ठराव असा, की या सभेत सगळ्यात मूर्ख माणूस म्हणजे भुजंगराव!”

धडाधड हात वर झाले. म्हाताऱ्यांनी तर काठीसुद्धा वर केली!

“एक हात अजून खालीच आहे,” राजा म्हणाला.

तो भुजंगरावांचाच होता. त्यांनी पगडी सावरली आणि तोही वर केला.

राजाला हसू आवरेना. “पण मूर्ख ठरलेल्या माणसाला सभेत ठेवू कसा?”

“म्हाराज!” दारातून बहिरू ओरडला. “शहाण्यांना जल्मात जमलं न्हाय, ते येड्यानं एका दिसात केलं. ठेवायचं कुणाला, तुमीच बघा!”

राजा पोट धरधरून हसला. “भुजंगराव, पगडी राहू द्या! आणि तू रे, काय हवं ते माग!”

“एक दांडगा घोडा द्या, म्हाराज.”

“तुला कशाला घोडा?”

“मला न्हाय, सरकारांना! आमचं खांदं तरी सुटतील!”

सगळी सभा खो खो हसली, आणि या ठरावाला पहिला हात भुजंगरावांनीच वर केला.